झिपरू आबांची उतरण

"रायटरभाऊ, मन्हा अंगठा खोटा शे का?"

झिपरू आबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होय. धुळ्यात एका कचेरीच्या फाटकासमोर, निंबाच्या झाडाखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल तेव्हाही होते आणि आजही आहे. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. समोर उभा असलेला इसम साठीच्या अलीकडचा, सावळा, अंगात बंडी, डोक्याला मळका रुमाल आणि हातात चार घड्या घातलेला कागद. कागदावर तांबड्या शाईने शेरा मारलेला होता : 'अंगठ्याचा ठसा अस्पष्ट. नव्याने घेऊन सादर करावे.'

मी त्यांचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबून कोऱ्या कागदावर टेकवला. एक काळा गुळगुळीत ठिपका उमटला. त्यात रेषा एकही नव्हती. उजवा टेकवला, तोही तसाच. माझ्या हाताखालून तोवर हजारो अंगठे गेलेले होते. हमालांचे, दायांचे, वीटभट्टीवरच्या मजुरांचे. इतका कोरा अंगठा मात्र मी पाहिलेला नव्हता.

"तीस वरीस येल बांधी, भाऊ," आबा म्हणाले. वेलीला ते येल म्हणत. पाचोऱ्याकडे त्यांच्या घराण्याचा पानमळा होता. विड्याच्या पानाची वेल आधाराच्या झाडाला लव्हाळ्याच्या ओल्या पातीने बांधतात, आणि ती गाठ अंगठ्याने पिळून बसवावी लागते. एका वेलीला हातभर अंतरावर एक गाठ, अशा एका मळ्यात किती वेली आणि त्या तीस वर्षांत किती वेळा, हे कोणी मोजलेले नाही. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, मळा वाळला, आणि आबा धुळ्यास येऊन एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेत रोजंदारीवर माळी म्हणून लागले व आवाराबाहेरच्या माळ्याच्या खोलीत राहू लागले. हे विश्रामगृह कोणत्या खात्याचे, हे मी मुद्दामच नमूद करीत नाही.

अखेरीस मी त्यांच्या करंगळीचा ठसा घेतला आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिले : 'डाव्या हाताच्या करंगळीची निशाणी, अंगठा कामामुळे झिजला असल्याने.' अर्ज स्वीकारला गेला. आबांना त्याचे मोठे नवल वाटले. "बठ्ठं आयुष्य अंगठानी काम करं, आन सरकारले करंगळी चालस!" असे म्हणून ते हसले. त्यांना हसताना मी ज्या मोजक्या वेळी पाहिले, त्यांपैकी ती एक.

माझ्याविषयी एवढेच सांगणे प्राप्त आहे की, माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झालेले असले तरी मसुद्याच्या बाबतीत या आवारातील वकील मंडळीही माझा सल्ला घेत आलेली आहेत. आबांचे सर्व अर्ज त्या दिवसापासून माझ्याकडे आले. विषय दरवेळी एकच असे : 'सेवेत कायम करणेबाबत.'

रोजंदारीवरच्या माणसाची सेवा सलग भरू नये म्हणून दर काही महिन्यांनी हजेरीपटावरून त्याचे नाव आठवडाभर कापीत. त्यास खंड म्हणत. आबांच्या सेवेत असे कितीतरी खंड पडलेले होते. त्यांना पगारवाढ नको होती, गणवेश नको होता. त्यांना एक कागद हवा होता, ज्यावर त्यांचे नाव असेल आणि पुढे 'माळी, कायम' असे लिहिलेले असेल. "मरसू तवय कोणी इचारीन का हाऊ कोन व्हता, तं कागद दखाडता येवाले जोयजे," असे ते म्हणत. मेल्यावर आपण कोण होतो, हे दाखवणारा कागद. अशी मागणी घेऊन आलेला दुसरा पक्षकार मला तोवर भेटलेला नव्हता.

वयाचीही एक अडचण होती, पण ती सुखाची होती. पहिल्या कारकुनाने हजेरीपटावर 'वय अंदाजे पन्नास' असे लिहून ठेवले होते आणि पुढच्या प्रत्येक कारकुनाने ते तसेच उतरवून घेतले. त्यामुळे आबा वर्षानुवर्षे पन्नास वर्षांचेच राहिले. मी त्यांना याबाबत मौन पाळण्याचा सल्ला दिला. "मौन काय, भाऊ," ते म्हणाले, "माले खरंच ठाऊक नही."

ते स्वतः पान कधी खात नसत, ही गोष्ट मला फार दिवसांनी लक्षात आली. गावाकडे गेले की माझ्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून पाचपंचवीस पाने आणत, एकेक पान मांडीवर पालथे ठेवून पुसत, देठ खुडत, आणि माझ्यापुढे ठेवत. स्वतः मात्र सुपारीचे खांडदेखील तोंडात टाकीत नसत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "जो पोसस त्यानी खावानं नही." त्यांच्या घराण्यात तशी रीत होती म्हणे. पानमळ्याच्या अशा रीती पुष्कळ. मळ्यात पायतण घालून जायचे नाही, पाय धुवून जायचे, छत्री उघडायची नाही, आत मोठ्याने भांडायचे नाही. मळा गेला, रीती आबांच्या अंगावर तशाच राहिल्या.

त्या रीतींना पुन्हा जागा मिळाली ती एका साहेबांच्या पत्नीमुळे.

हे साहेब वरिष्ठ हुद्द्यावर बदलून आलेले होते आणि बंगला तयार होईतो पाचसहा महिने कुटुंबासह विश्रामगृहातच राहिले. बाईंचे माहेर थंड हवेच्या डोंगरी मुलुखातले. तिथून त्यांनी रॉकेलच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात एक वेल आणली होती. पाने जाड, काळसर हिरवी, मेण लावल्यासारखी चकचकीत. पान तुटले तर दुधासारखा चीक येई. तिला पांढऱ्या, जाड पाकळ्यांच्या फुलांचे घोस लागतात आणि वास खोलीभर राहतो, असे बाई सांगत. नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांच्या माहेरी ती काचेच्या खोलीत वाढवीत. धुळ्याच्या चैत्रात माणसाची कातडी जिथे तडकते, तिथे ही वेल चार दिवसांत माना टाकू लागली.

आबांनी ती मागून घेतली. विश्रामगृहाच्या मागे, हौदाच्या पूर्वेला, दुपारनंतर भिंतीची सावली पडते अशी जागा त्यांनी निवडली. चार कोपऱ्यांना शेवरीची रोपे लावली, कारण पानमळ्यात आधार जिवंत झाडाचाच असावा लागतो. शेवरी उंच होईपर्यंत सावलीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या बांधून ताट्या केल्या, त्यांवर केळीची वाळलेली पाने अंथरली. उन्हाळ्यात गोणपाटे भिजवून पश्चिमेकडून लावली. अडीच माणसे मावतील एवढा तो मांडव. पण बाहेरून आत पाऊल टाकले की दुसऱ्या तालुक्यात आल्यासारखे वाटे. बाहेर डोळे चुरचुरणारी झळ आणि आत ओल्या मातीचा गारवा.

साहेबांची बदली झाली. निघताना मोटारीपाशी उभे राहून ते म्हणाले, "आबा, या धुळ्यात ह्या वेलीला फूल आणून दाखवाल, तर तुमच्या कायमपणासाठी मी स्वतः लिहीन." बाई म्हणाल्या, "फूल आलं की आम्हाला कळवा हं." माणसे निरोपाच्या वेळी असे बोलतात. आबांनी मात्र तो हुकूम समजून घेतला. टेबलाशी येऊन मला म्हणाले, "लिखी ठेवा, भाऊ. साहेबनं सांगेल शे." मी एका चिठ्ठीवर तारीख व वार घालून ते शब्द लिहून दिले. ती चिठ्ठी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात गेली. त्या डब्यात माझ्या सर्व अर्जांच्या नकला होत्या. आबांना अक्षर येत नसे, पण कोणती नक्कल कोणती, हे ते कागदावरच्या डागांवरून ओळखत. चहाचा डाग तो दुसरा अर्ज, तेलाचा तो चौथा.

पुढची तीन वर्षे आबा वेलीच्या चाकरीत राहिले. दिवसातून तीनदा पाने ओल्या फडक्याने पुसणे, कोवळे शेंडे लव्हाळ्याने बांधणे, थंडीच्या लाटेत ताट्यांना आतून कडबा लावणे. खंडाच्या आठवड्यात नाव कापलेले असे, तरीही ते येत. "माले खंड शे, तिले नही," एवढेच म्हणत.

विश्रामगृहाची देखरेख करणारे एक ओव्हरसिअर होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. स्थूल, विनोदी, मनाने वाईट नव्हेत. ते एकदा बुटांसह मांडवात शिरू लागले. मी तिथे हजर होतो.

"साहेब, पायतन भाईर. मझार ती शे."

"कोण आहे आत?"

"येल."

"आबा, वेल आहे का सासू आहे?"

"सासू नरम व्हती, साहेब. हाई करडी शे."

रावसाहेबांनी हसत हसत बूट काढले. त्यांच्या उजव्या मोज्याला भोक होते व त्यातून अंगठा बाहेर आलेला होता. शिपायांनी तोंडे फिरवली. आबांनी खाली पाहून गंभीरपणे तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर ओतले. त्यानंतर रावसाहेब त्या मांडवाकडे फिरकले नाहीत. परंतु आबांना 'सासूबाईंचे जावई' हे नाव मात्र पडले.

याच काळात मी उतरण पाहिली. वेल दोन वर्षांत मांडवाच्या डोक्यापर्यंत चढली होती आणि खालचा बराचसा भाग पाने झडून उघडा, लाकडी झाला होता. एके सकाळी मी गेलो तर आबांनी सगळ्या गाठी सोडून ती धडधाकट वेल खाली उतरवली होती. उघड्या खोडाचे वेटोळे करून ते खड्ड्यात ठेवले, वर माती व शेणखत लोटले, आणि फक्त हिरवा शेंडा पुन्हा शेवरीच्या पायथ्याशी बांधला. अंगाएवढी वाढलेली वेल गुडघ्याएवढी झाली. मला ते पाहवेना.

"आबा, एवढी वाढलेली पुरून टाकली?"

"पुरी नही, भाऊ. उतारी." त्यांनी मातीवर तळवा ठेवला. "लई वर गयी म्हंजे बूड म्हतारं व्हस. खाले आनं का जठे माती लागस तठे नवी मुळी धरस. पानमळामा दर वरीसले करतस."

विड्याच्या वेलीची रीत या परदेशी वेलीला मानवेल की नाही, याची कोणालाच खात्री नव्हती. बागेतले इतर दोघे माळी उघड हसले. पण दीड महिन्यात त्या शेंड्याने असा जोर धरला की पावसाळ्याच्या अखेरीस वेल पुन्हा डोक्यावर गेली, आधीपेक्षा दाट.

चौथ्या वर्षी, होळीनंतर, कळ्या धरल्या. तेव्हा आबांनी मांडवातील काहीही हलवू दिले नाही. ताटी वीतभर सरकली की कळीवरचा उजेड बदलतो आणि ती गळते, हे त्यांनी आधीच्या वर्षी एकच घोस गमावून ओळखले होते. "साहेबनी बदली चालस," ते मला म्हणाले, "हिनी नही चालत."

फुले आली. पांढरीशुभ्र, मेणाची वाटावीत अशी, पाच टोकांची. मी हात धुवून, पाय धुवून आत गेलो आणि उगाचच हात जोडले. आबा एका बाजूला उकिडवे बसलेले. फुलाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. "आते लिखा," म्हणाले.

मी साहेबांच्या नव्या पत्त्यावर दोन पानी पत्र लिहिले आणि आबांच्या आग्रहावरून त्यात गळून पडलेले एक फूल घातले. महिन्याभराने बाईंचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की फूल पोचले, वाटेत काळे पडले होते, तरी वास थोडा राहिला होता. साहेबांना पक्षाघाताचा झटका आला असून उजवा हात चालत नाही, बोलणेही नीट होत नाही. त्यांनी फूल बराच वेळ हातात धरले. 'आबांना माझा नमस्कार सांगा.'

मी पत्र वाचून दाखवले. आबांनी ते मागून घेतले, उलटे-सुलटे पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे साहेबनाबी अंगठा गया." पत्र डब्यात गेले.

आता उरला तो माझा मार्ग. हजेरीपटावरची पन्नाशी फार काळ टिकणार नव्हती. नवे कारकून वयाच्या दाखल्यांची चौकशी करू लागले होते. मी आबांना म्हणालो की आजवरचे अर्ज साधे होते, आता आपण एकच अर्ज करू, पण असा की तो नाकारता येणार नाही. आबा मग म्हणाले, "इतलंच लिखा, भाऊ. ह्या मानूसले येल सांभाळता येस. बस."

"आबा, एवढ्याने भागत नाही. सरकारी कागदाला वजन लागते."

"तुमले ठाऊक," ते म्हणाले.

मी तो अर्ज दोन दिवस लिहिला. माझ्या हयातीत त्याहून चांगला मसुदा माझ्या हातून उतरलेला नाही, असे मला तेव्हा वाटत होते. त्या वर्षांत मी झोपडपट्टीतल्या पुष्कळ लोकांना त्यांची जागा नियमित करून मिळावी म्हणून अर्ज लिहून दिले होते, आणि त्यांपैकी बरेच मंजूर झाले होते. त्या अर्जांतले एक वाक्य माझे हुकमी वाक्य होते. ते मी आबांच्या अर्जात घातले. मला ते वाक्य आजही पाठ आहे आणि ते मी येथे जसेच्या तसे देतो :

'सदर वेल व तिचा मांडव अर्जदाराने स्वखर्चाने व स्वकष्टाने उभारलेला असून तो आजतागायत अर्जदाराच्या निरंतर, उघड व निर्वेध वहिवाटीत आहे. सेवेतील खंडाच्या काळातही अर्जदाराने सदर जागेचा ताबा सोडलेला नाही.'

वाचून दाखवले तेव्हा आबांनी मान हलवली. त्यांना त्यातला 'खंड' हा एकच शब्द कळला असावा. त्यांनी करंगळी पुढे केली.

दोन महिन्यांनी उत्तर आले. आबा ते न उघडता घेऊन आले. इतक्या वर्षांत त्यांच्या नावाने आलेला तो पहिला कागद. त्यांनी तो दोन्ही हातांवर, परातीसारखा धरला होता.

"कायम व्हयनू का मी?"

मी वाचू लागलो. अर्जदाराने स्वतःच कबूल केल्याप्रमाणे त्याने शासकीय आवारात विनापरवाना मांडव उभारला आहे. सेवेत नसतानाही तो आवारात प्रवेश करीत आला आहे. शासकीय जागेवर स्वतःचा ताबा असल्याचा दावा तो करीत आहे. सबब, सदर अतिक्रमण सात दिवसांत काढून टाकावे, अर्जदाराचे नाव यापुढे हजेरीपटावर घेऊ नये, व माळ्याची खोली रिकामी करून घ्यावी.

निंबाखाली त्या वेळी तिघे-चौघे पक्षकार बसलेले होते. आबांनी माझ्याकडे पाहिले.

"हाई आपुनच लिखेल व्हतं का?"

या प्रश्नाला खरे उत्तर 'हो' असे होते. मी म्हणालो, "त्यांनी वाकडा अर्थ काढला, आबा. मी खुलासा लिहितो. होईल सगळे नीट."

ते मान खाली घालून कागदाची घडी घालत राहिले. "तुमी शिकेल सवरेल शेतस," म्हणाले. "तुमले ठाऊक."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

खुलाशाचा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. तो आवक नोंदवहीत चढला आणि तिथेच राहिला. रावसाहेबांनी आपल्या परीने दोन दिवस वाढवून दिले. "माझ्या हातात एवढंच आहे हो," असे ते मला फाटकापाशी म्हणाले आणि मांडवाकडे पाहायचे टाळून निघून गेले.

मांडव काढायला मजूर यायचे होते त्या सकाळी मी गेलो. आबा माझ्या आधीपासून आत होते. वेल पुन्हा कळ्यांनी लदलेली होती. एवढ्या कळ्या तिने पूर्वी कधी धरल्या नव्हत्या. आबा वरून एकेक गाठ सोडत होते. ओल्या फडक्याने हात पुसत, गाठ सोडत, वेल खांद्यावर घेत. एकही डहाळी तोडली नाही. पण दिशा फिरली, उजेड फिरला, आणि कळ्या गळू लागल्या. एवढ्या हलक्या असूनही केळीच्या वाळल्या पानांवर त्यांचा आवाज होत होता. आबा त्याकडे लक्ष देत नव्हते, किंवा देत नसल्यासारखे करत होते. चीक लागून त्यांची बंडी पांढरी झाली होती.

खड्डा आधीच खणलेला होता, नेहमीपेक्षा मोठा. त्यांनी संपूर्ण वेलीचे वेटोळे केले, आईने मूल निजवावे तसे ते खाली ठेवले आणि माती लोटली. फक्त एक पेर, दोन पानांसकट, वर राहू दिले आणि त्यावर फुटक्या कुंडीचे खापर पालथे घातले. पाहणाऱ्याला कचरा वाटावा असे.

"पंधरा दिन पानी द्या, भाऊ," ते मला म्हणाले. "सकायनं. पाय धुईसन. फुटनी का मंग ती कोनलेच ऐकाव नही."

मी शब्द दिला. आबांनी पत्र्याचा डबा बगलेत मारला, कावडीला बांधलेले दोन गाठोडी सामान उचलले आणि पाचोऱ्याकडे लेकीच्या गावी निघून गेले. मजूर आले तेव्हा मांडवात वेल नव्हती. अर्ध्या तासात पऱ्हाट्यांचा ढीग झाला. शेवरीची चार झाडे मुळापासून कापली गेली.

तीन दिवस मी गेलो. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, खापर उचलून पाणी घातले. माझ्यासारख्या माणसाने भर सकाळी विश्रामगृहाच्या मागे अनवाणी जावे, हे पाहून शिपाई हसत. मी हसू दिले. चौथ्या दिवशी गेलो तर जागा सपाट झालेली होती. मोटारी उभ्या करण्यासाठी तिथे फरशी घालण्याचे काम चालू होते, आणि अर्धी जागा सिमेंटने झाकलेली. खापर कुठे दिसले नाही. मी हातातला तांब्या फरशीच्या कडेला ओतला. पाणी उतारावरून वाहत गटाराकडे गेले.

मी आबांना कळवले नाही. लिहिलेले पत्र ते कोणाकडून तरी वाचून घेतील, हा विचारच मला नको वाटला. त्यानंतर मी अर्ज लिहिणे सोडले नाही. तो माझा धंदा आहे. पण ते हुकमी वाक्य मी पुन्हा वापरलेले नाही. पक्षकार काय सांगतो ते आधी दोनदा ऐकतो, आणि जमेल तेवढे त्याच्याच शब्दांत लिहितो. माझे मसुदे त्यामुळे साधे झाले, असे काही जुने लोक म्हणतात.

आबा आता हयात नाहीत, हे मला अलीकडेच पाचोऱ्याच्या एका पक्षकाराकडून कळले. म्हणूनच हे लिहिले. नाही तर लिहिले नसते, कारण त्यांनी मला तशी मनाई केलेली होती. ती मनाई जळगावच्या बसस्थानकावर झाली.

वेल उतरवली त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. मी एका लग्नासाठी जळगावी गेलो होतो आणि धुळ्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पलीकडे पाचोऱ्याची गाडी लागलेली. तिच्या खिडकीत एक ओळखीचा मळका रुमाल दिसला. जवळ गेलो. आबा फार वाळले होते. शेजारी त्यांची लेक, मांडीवर डोळ्यांच्या दवाखान्याची पिशवी. आबांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला होता. मी समोर उभा असताना ते माझ्या डाव्या बाजूला पाहत होते.

"आबा, मी. धुळ्याचा रायटर."

त्यांनी हात बाहेर काढला आणि माझे मनगट चाचपून धरले. प्रकृती विचारली नाही, मुलेबाळे विचारली नाहीत.

"पानी दिन्हं का?"

"दिले, आबा."

"फुटनी का?"

आजूबाजूला शेंगावाले ओरडत होते. कंडक्टर दारात उभा राहून तिकिटे मोजत होता. लेकीने माझ्याकडे पाहिले. तिला उत्तर ठाऊक असावे, किंवा नसावे.

"फुटली," मी म्हणालो. "हौदाच्या कडेने चढली आहे. यंदा कळ्या धरल्या."

आबांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर काही फरक पडला नाही, फक्त मनगटावरची पकड ढिली झाली. गाडी सुरू झाली, इंजिनाने खिडकीचे गज थरथरू लागले. त्या आवाजात ते काही बोलले, ते मला ऐकू आले नाही. मी गाडीबरोबर चार पावले चाललो.

"काय म्हणालात, आबा?"

"मी म्हनं," ते मोठ्याने म्हणाले, "मंग कोठे लिखू नका."

गाडी वळली. खिडकीच्या गजाला धरलेला त्यांचा हात तेवढा शेवटपर्यंत दिसत होता. तो कोरा अंगठा गजावर पुन्हा पुन्हा फिरत होता, जिथे लव्हाळ्याची गाठ बसवायची असते तिथे.